रुखवतातली अस्वलं

मी गेली चौदा वर्षं घरी टेडी आणि कापडी बाहुल्या करते. या चौदा वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य म्हणजे, "घर सांभाळून करता, हे विशेष." असं म्हणणारा माणूस मोठं कौतुक केल्याच्या समाधानात थोडा थांबतो, मी आभार मानावेत म्हणून. मी मानत नाही. आमच्या गावात खताचं दुकान चालवणाऱ्याला घर आहे, जीपवाल्याला घर आहे, दाढी करणाऱ्यालाही घर आहे. घर सांभाळून जीप चालवता का, असं त्याला कोणी विचारल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

घर सांभाळणं म्हणजे नेमकं किती, हे मी एकदा मोजलं. मशीनच्या फळीवर खडूने रेघा ओढत गेले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात मी सत्तावीस वेळा उठले. नऊ वेळा सासूबाईंच्या हाकेने, सहा वेळा दारावर कोणी आलं म्हणून, पाच वेळा मिस्टरांना समोर ठेवलेली वस्तू दिसली नाही म्हणून, चार वेळा गॅसपाशी, दोनदा नळ आला म्हणून आणि एकदा शेजारची मांजर फरच्या कापडावर येऊन बसली म्हणून. एवढ्या सगळ्यांत तक्रार न करता उठून गेली ती एकटी मांजरच. संध्याकाळी मी तो आकडा मिस्टरांना सांगितला. ते म्हणाले, "तेवढाच व्यायाम."

बसलेला टेडी करायला कापडाचे एकवीस तुकडे लागतात. त्यात दोनशे वीस ग्रॅम फायबरचा कापूस जातो. दोनशेला तो मान टाकतो, अडीचशेला त्याची शिवण ताणते. डोळे मी चिकटवत नाही, कापडाच्या मागून चकती दाबून बसवते, कारण लहान पोर आधी डोळाच तोंडात घालतं. न उठता बसले तर एक टेडी साडेपाच तासांत होतो. उठत उठत केला तर दोन दिवस. हे दोन दिवस लोकांना दिसतात, म्हणून "एवढ्याशा अस्वलाला दोन दिवस?" असं मला विचारलं जातं.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याहून पुढे. या भागाला खरी अस्वलं नवीन नाहीत. बोरं पिकली की ती जंगलाच्या कडेच्या शेतांत उतरतात, आणि त्या दिवसांत माणसं पहाटे एकटी मळ्यात जात नाहीत. त्यामुळे मिस्टरांचा एक विनोद चौदा वर्षं चालू आहे. पाहुणा आला की ते शोकेसकडे हात करून म्हणतात, "लोकं अस्वल पाहून पयतात, अन् आमची बायको घरात भरून राह्यली." पाहुणा हसतो. मी चहा ठेवते. सासूबाईंच्या तोंडी माझ्या सगळ्या कामाला एकच शब्द आहे, चिंध्या. तिकडे दोन दुकानं माझा माल मागवतात, एक बुलढाण्याला आणि एक मलकापूरला, आणि इकडे घरात "त्या चिंध्या जरा सरकव" असं चालतं.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या पुतणीच्या लग्नाचं. थोरल्या जाऊबाईंचं घर आमच्या भिंतीला लागून आहे. चुली वेगळ्या, अंगण एक, शेती दोघा भावांची मिळून. मिरची, वांगी आणि थोडा कापूस. जाऊबाईंना एकच मुलगी. बी.कॉम. झालेली, बोलायला चुणचुणीत, हिशेबाला माझ्याइतकीच पक्की. तिला सुई धरता येत नव्हती आणि तिने कधी येते असं म्हटलंही नव्हतं. त्या पोरीचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पिंपळगाव राजाच्या एका घरचं स्थळ आलं. मुलगा पतसंस्थेत नोकरीला, घरी बागायत. जाऊबाईंकडे रंगकाम चालू होतं, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम आमच्या बैठकीत ठेवला. शोकेसमध्ये त्या वेळी माझे चौदा टेडी होते, दुकानात जायला तयार. ते आवरून ठेवायला मला कोणी सांगितलं नाही, कारण त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मुलाची आई शोकेसखालच्या दिवाणावर बसली. बाकीची माणसं पाऊसपाणी बोलत होती. या बाईंनी मात्र वळून, न विचारता, काच सरकवली आणि एक तपकिरी टेडी बाहेर काढला. उलटा केला, पाठीची शिवण पाहिली, कान ओढून पाहिला. मी तेव्हा पोह्यांच्या नऊ प्लेटा घेऊन दारात होते. वस्तू कशी पाहायची हे त्या बाईंना कळतं, एवढं मला तिथूनच दिसलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या पोरीनंच," जाऊबाई म्हणाल्या. "तिले लहानपनापासून नाद हाये."

मुलगी खाली मान घालून पायांकडे पाहत राहिली. पाहायच्या कार्यक्रमात मुली तसंही पायांकडेच पाहतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. भासऱ्यांनी, म्हणजे मुलीच्या बापाने, मान डोलावली. मिस्टरांनीही डोलावली. चौदा वर्षं ज्यांनी माझ्या अस्वलांवर विनोद केला, त्यांनी एका मिनिटात ती दुसऱ्याच्या नावावर चढवली. आणि मी? मी प्लेटा वाटल्या. पाहुण्यांसमोर घरच्या माणसाला खोटं पाडायचं नसतं, असं मला शिकवलेलं आहे. हे शिकवणाऱ्यांनी खोटं बोलायचं नसतं हे कधी शिकवल्याचं आठवत नाही.

मुलाच्या आईने मग मुलीला विचारलं, एका टेडीला कापूस किती लागतो. मुलगी म्हणाली, "मावते तेवढा." सगळे हसले. हजरजबाबी आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, दोनशे वीस.

स्थळ पक्कं झालं. निघताना त्या बाई दारात थांबून म्हणाल्या, "रुखवतात अकरा अस्वलं पाह्यजेत बरं, पोरीच्या हातची. नाही तं लोकं त्याच त्या बैलगाड्या अन् त्याच त्या तुळशी मांडतात." जाऊबाई म्हणाल्या, "अकरा काय, एकवीस मांडू."

रुखवत म्हणजे लग्नात मुलीकडच्यांनी टेबलावर मांडायचं कौतुक. नवरीने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू सासरच्यांना दाखवायच्या, अशी मूळची रीत. आमच्या भागात ही रीत अजून जोरात आहे, फक्त त्यातून नवरी निघून गेली आहे. मी स्वतः कितीतरी लग्नांसाठी बाहुल्या करून दिल्या आहेत आणि त्यांच्यासमोर सोनेरी अक्षरांची पाटी पाहिली आहे, "वधूने स्वहस्ते केलेले". नवरीकडच्यांना माहीत असतं, नवरदेवाकडच्यांना माहीत असतं, भटजींनाही माहीत असतं. तरी बायका टेबलाभोवती फिरून म्हणतात, बाई बाई, काय हात आहे पोरीचा. परक्या लग्नात मला याचं काही वाटत नसे. वस्तू दिली, विषय संपला. म्हणजे माझी नाराजी फार तत्त्वाची होती असं नाही. ती माझ्या घरात आली तेव्हा सुरू झाली.

पाहुणे गेल्यावर त्याच बैठकीत घरचे बसले. भासरे, मिस्टर, सासूबाई, जाऊबाई आणि मी. मला बोलावलं याचंच मला आश्चर्य वाटलं. भासऱ्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. अकरा टेडी मी करायचे, ते तर झालंच. शिवाय मी आजपासून विक्री बंद करायची. मुलाची मामी मलकापूरला राहते. तिथल्या दुकानात हेच टेडी तिने पाहिले तर पोरीची लाज जाईल. दुकानांतला माल परत आणायचा. शोकेस रिकामी करायची. अंगणवाडीच्या ताईंना मी दहा बाहुल्या कबूल केल्या होत्या, त्यांना नाही म्हणायचं.

मी एकच विचारलं, "कधीलोक?"

"लगन होऊ दे, मंग पाहू," जाऊबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, लग्न एक्केचाळीस दिवसांवर आहे. बेचाळिसाव्या दिवशी मामी मलकापूर सोडून जाणार आहे का? दुकान तिथेच, टेडी तेच, नाव पोरीचं. मग बेचाळिसाव्या दिवशी काय बदलतं?

हे कोणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पोरीचा संसार सुरळीत होईपर्यंत थांब. संसार सुरळीत झाला हे कशावरून समजायचं, ते कोणी सांगितलं नाही. माझा सुरळीत झाल्याचं बावीस वर्षांत मला कोणी कळवलेलं नाही. मला एवढं समजलं, की एका वाक्याच्या थापेसाठी माझं काम कायमचं बंद होणार आहे आणि या खोलीतल्या चौघांना ते बैठकीतली खुर्ची हलवण्याइतकं सोपं वाटतं आहे.

मिस्टर म्हणाले, "तुलेच तं आराम भेटन."

मी त्या दिवशी भांडले नाही. एक अट घातली. मुलगी रोज दुपारी एक ते चार माझ्याजवळ बसेल, मी शिकवीन आणि टेडी ती करेल. मग पाटी खरी होईल आणि लग्नानंतर माझी विक्रीही कोणाच्या आड येणार नाही. काकू करते, पुतणी तिच्याकडे शिकली, यात लाजेचं काय? जाऊबाईंनी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की त्यांनी ऐकलंच नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लग्नापुरती विक्री थांबवायचं मी मान्य केलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एसटीने मलकापूरला गेले, तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला. सव्वीस नग पोत्यांत भरून परत आणले. कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय आहे. मी म्हटलं, अस्वलं. तो हसला नाही, म्हणाला, "मंग मांगं ठेवा." दुकानदारांना आणि अंगणवाडीच्या ताईंना मी घरात लग्न आहे एवढंच सांगितलं. आमच्याकडे हे एक कारण असं आहे की त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. माणूस लग्न आहे म्हणून बँकेत जात नाही, दवाखान्यात जात नाही, काहीच करत नाही, आणि सगळ्यांना ते पटतं.

मुलगी पहिल्या दिवशी बरोबर एक वाजता आली. मी तिला पुठ्ठ्याचे साचे दिले, कापडाची लव कोणत्या दिशेने ठेवायची ते दाखवलं, खुणा करायला लावल्या. तिचा हात जड होता, पण ती खोटं करत नव्हती. शिवण वाकडी गेली तर लपवायची नाही, मला दाखवायची आणि उसवायची. पहिला टेडी नवव्या दिवशी उभा राहिला. म्हणजे बसला. एक कान दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली, आणि पोटात कापूस एका बाजूला जास्त, त्यामुळे तो उजवीकडे कलून बसायचा.

तिने त्याला दूर ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, हा तं आमचे बाबा जेवून बसतात तसा बसून राह्यला."

त्या एक्केचाळीस दिवसांत मी मनापासून हसले ती ही एक वेळ.

नंतर लग्नाने तिला ओढून नेलं. ब्लाउजची मापं, पार्लर, बस्ता, देवदर्शन, मैत्रिणींची केळवणं. एक्केचाळीसपैकी ती तेरा दिवस आली. या तेरांतही फोन वाजला की उठायची आणि अंगणात जाऊन अर्धा अर्धा तास हळू आवाजात बोलायची. त्याला मी हरकत घेतली नाही. लग्न तिचं होतं. तिचे तीन टेडी झाले. दुसरा पहिल्याहून बरा आणि तिसरा दुसऱ्याहून वाईट, कारण तो घाईत केला. मी त्यांना हात लावला नाही. चुका दाखवल्या, टाका घातला नाही.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा जाऊबाई भर दुपारी अंगणातून आल्या. हातात पाहुण्यांना द्यायच्या टॉवेल-टोप्यांचा ढीग. तो त्यांनी माझ्या मशीनवरच ठेवला आणि अकरा टेडी कुठे आहेत ते विचारलं. मी कपाटातून तीन काढून दिले.

त्यांनी तिन्ही उलटसुलट करून पाहिले. "हे काय हाये?"

"रुखवताचे टेडी. तिनं केलेले."

"अन् बाकीचे आठ?"

"ते तिनं केले नाहीत."

जाऊबाई खाली बसल्या. मला माझ्या हाताला काय धाड भरली ते विचारलं. कपाटात पोतंभर पडलेले असताना पोरीला हे लंगडे टेडी देते, पोटची नाही म्हणून देते, असं म्हणाल्या. मग रडायला लागल्या. सासूबाई आल्या, त्यांनी आधी टेडी पाहिले आणि मग मला पाहिलं. चौदा वर्षं ज्यांना चिंध्या म्हटलं त्या चिंध्यांच्या आठ नगांवर आता त्यांच्या घराण्याची अब्रू येऊन बसली होती. मला याचं हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी मशीनवरचा टॉवेलांचा ढीग उचलून बाजूला ठेवला.

मिस्टरांना मळ्यातून बोलावून आणलं. ते दारातच उभे राहिले, पायाला चिखल होता म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आठ अस्वलांपायी घर फोडतं का तू?"

मी म्हटलं, अस्वलं आठ असतील, पण बंद होतंय ते माझं सगळं काम. तुमची मिरची उद्यापासून भावाच्या नावावर विका आणि तुम्ही बाजारात तोंड दाखवू नका म्हटलं तर चालेल का? ते म्हणाले मिरचीची गोष्ट वेगळी. वेगळी कशी, ते विचारायच्या आत भासरे आले आणि त्यांनी निकाल दिला: पोत्यातले आठ काढ, तीन लंगडे मागे ठेव, विषय संपव.

मी पोत्याकडे गेले नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी गेले असते. आणखी पाच मिनिटं ती माणसं तशीच उभी राहिली असती, जाऊबाई तशाच रडल्या असत्या, तर मी आठ मोजून काढून दिले असते आणि जन्मभर स्वतःला शिव्या दिल्या असत्या. मी फार धीट बाई नाही. मोजता येणं आणि धीट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेवढ्यात मुलगी आली. हाताला मेंदी, कोपरापर्यंत, ओली. तिने कोणालाच काही विचारलं नाही. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू गेलंच होतं. ती आईला म्हणाली, "आई, तीनच मांडजा."

"तीन? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. आज अकरा मांडले तं तिथं मले जन्मभर अकरा करा लागतीन. पह्यल्या संक्रांतीले सासू म्हननार, मामीले एक कर, नंदीले एक कर. तवा काय काकूले पोत्यात घालून नेऊ का?"

इतके दिवस चार मोठी माणसं अब्रूचा विचार करत होती, आणि ज्या पोरीला त्या घरात राहायचं होतं तिने एका दमात पुढचा सगळा हिशेब मांडला. भासरे म्हणाले, तुला काय समजते. ती म्हणाली, मला एक टेडी करायला किती वेळ लागतो ते समजते. मग मेंदी खराब होईल म्हणून हात वर धरून निघून गेली. तिच्यावर ओरडायची कोणाची छाती झाली नाही, नवरीवर तीन दिवस आधी ओरडत नाहीत. नवरी नसलेल्या माणसावर ओरडतात. ते त्या दिवशी उरलेला वेळ माझ्यावर ओरडले.

लग्न धामणगावच्या मंगल कार्यालयात झालं. रुखवताच्या टेबलाची लांबी बारा फूट. जाऊबाईंनी तीन टेडींवर भागणार नाही म्हणून बाकीचं रुखवत भाड्याने आणलं होतं. आता तेही मिळतं. एक बाई टेम्पोतून आणते, मांडते आणि जेवणावळी उठल्या की डब्यात भरून परत नेते. थर्माकोलची बैलगाडी, मण्यांची तुळस, साखरेचे दागिने, सुपारीचे नवरा-नवरी. बैलगाडीच्या चाकावर आधीच्या लग्नाची अक्षत अडकलेली होती, ती मी काढली. मध्यभागी सोनेरी पाटी, "वधूने स्वहस्ते केलेले", ती पण भाड्याचीच. आणि एका कोपऱ्यात, फुलदाणीच्या आड, तीन टेडी. त्या बारा फुटांत पाटीला खरं ठरवणाऱ्या वस्तू तेवढ्याच होत्या, आणि बायका त्यांच्याचकडे बोट करून हसत होत्या. एक म्हणाली, "हे कोन्या लेकरानं ठेवले?"

मुलाची आई आली. तिने भाड्याच्या वस्तूंकडे पाहिलंही नाही. फुलदाणी बाजूला केली, कललेला टेडी उचलला, उलटा केला, पाठीची शिवण पाहिली. जाऊबाई हळूच मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. मी टेबलामागेच होते.

"त्या दिवशीचं अस्वल वेगळं होतं," त्या मला म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "ते माझं होतं. हे तिचं आहे."

त्या जरासुद्धा चमकल्या नाहीत. "मले मालूम होतं. तुम्ही पोहे देऊन राह्यल्या तवा तुमच्या पदराले पांढरा कापूस लागेल होता."

मला क्षणभर त्या बाईंबद्दल फार आदर वाटला. मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी तेरा दिवस बसली, हे तीन तिने एकटीने केले, एकही टाका माझा नाही. त्या म्हणाल्या, पोर खोटी नाही म्हणजे, बरं झालं. मग अकरा कशाला मागितले होते, मी विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाटीच्या अगदी समोर उभ्या राहून आवाज खाली आणला आणि म्हणाल्या की त्यांच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर आहे. मुलगी पुण्याला नोकरीला, तिला सवड नाही. तिच्या रुखवतात असेच अकरा हवे आहेत, माझ्या हातचे, त्या दिवशी पाहिले तसे. किती वेळात होतात, याचा अंदाज त्यांना घ्यायचा होता.

"अन् पाटीचं तुम्हाले समजतेच," त्या म्हणाल्या.

माझा आदर जेवढ्या वेळात आला होता त्याच्या अर्ध्या वेळात गेला. म्हणजे ही बाई त्या दिवशी आमच्या बैठकीत बसून मुलगी पाहत नव्हती, माल पाहत होती. आणि इतके दिवस आमच्या घरात जे रडणं-भेकणं झालं ते हिच्यापासून एक गोष्ट लपवण्यासाठी, जी हिला पहिल्या दहा मिनिटांतच कळली होती.

"समजते," मी म्हटलं. "अकरा करून देते. पन पाटी मी लिहीन."

"काय लिहिसान?"

"नवरीच्या भावजयीच्या काकूनं केलेले."

त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्या थांबल्या. पाहू, म्हणाल्या. टेडी होता तिथे ठेवला, फुलदाणी मात्र परत आड केली नाही, आणि जेवायला गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढलेला नाही.

मी हात धुवायच्या नळांपाशी गेले, तिथे जरा आवाज कमी होता. मलकापूरच्या दुकानदाराला फोन लावला आणि सोमवारी सव्वीस नग घेऊन येते म्हणून सांगितलं. तो म्हणाला, लग्न झालं का? मी म्हटलं, अक्षता पडल्या, पाठवणी व्हायची आहे. अंगणवाडीच्या ताईंनाही फोन केला. त्यांनी दहा बाहुल्या दुसरीकडून आणल्या होत्या, त्यांतल्या दोघींची डोकी निखळली होती. दोन द्या, म्हणाल्या. बरं म्हटलं.

वळले तर मिस्टर मागे उभे. हातात आंदणाच्या भांड्यांची यादी, सामान जीपमध्ये चढवायचं होतं.

"इचारलं तं असतं," ते म्हणाले.

"कोनाले?"

त्यांनी मंडपाकडे पाहिलं. तिथे भासरे विहीणबाईंना लाडू वाढत होते, जाऊबाई मुलीचा शालू सावरत होत्या, सासूबाई खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. मग मिस्टरांनी हातातली यादी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हे जरा मोजून दे. माह्या हिशेबानं एक पितळी डबा कमी भरून राह्यला."

मी मोजलं. कमी नव्हता, त्यांनी एक ओळ दोनदा वाचली होती.